फुलपाखरांच्या बागेत आधी पाने लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक उद्याने, शाळांची आवारे, मोठ्या सोसायट्यांच्या मोकळ्या जागा अशा ठिकाणी फुलपाखरांसाठी बाग करण्याचा उत्साह वाढतो आहे, ही मनापासून स्वागत करण्यासारखी गोष्ट आहे. मात्र यातल्या बऱ्याच बागा एकाच समजुतीवर आखलेल्या असतात, ती म्हणजे रंगीबेरंगी फुले लावली की काम झाले. फुलपाखरे येतात, मकरंद पितात, लोक फोटो काढतात. पुढची पिढी मात्र त्या बागेत जन्माला येत नाही, कारण मादीला अंडी घालण्याजोगे एकही पान तिथे नसते. हा दोष थोड्या माहितीने दूर होऊ शकतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

फुलपाखराला मकरंद कुठल्याही फुलाचा चालतो. सोंड पोहोचली की झाले. त्याच्या अळीचे तसे नसते. अळी ठरावीक वनस्पतीचीच पाने खाते. अशा झाडाला खाद्यवनस्पती म्हणतात. लाइम बटरफ्लाय, कॉमन मॉरमॉन आणि ब्लू मॉरमॉन या फुलपाखरांच्या अळ्या लिंबू, कढीपत्ता अशा लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. कॉमन क्रोची अळी कण्हेरीवर सापडते, टेल्ड जेची खोट्या अशोकावर आणि सीताफळावर, कॉमन इमिग्रंटची बहाव्यावर, ग्रास यलोची टाकळ्यावर. कॉमन बॅरनची अळी आंब्याच्या पानाच्या मधल्या शिरेला समांतर पडून राहते आणि अंगावरचे पिसांसारखे काटे दोन्ही बाजूंना पसरते. शोधायला बसलेल्या माणसाच्याही नजरेतून ती सुटते.

मादी हे झाड ओळखते ते पायांनी. पानावर उतरली की पुढच्या पायांनी ती पानावर भराभर टकटक करते. त्या पायांवर चव घेणारे केस असतात आणि पानातली रसायने त्यांना कळतात. ओळख पटली तर पोटाचे टोक वळवून अंडे चिकटवते, नाही पटली तर उडून जाते. अंड्यातून बाहेर आलेली अळी दोन-तीन मिलिमीटरची असते. ती चालत जाऊन दुसरे झाड शोधू शकत नाही, त्यामुळे आईचा निर्णय तिच्यासाठी अखेरचाच.

इतका हट्ट कशासाठी, याचे उत्तर पानाच्या रसायनशास्त्रात आहे. पान खाल्ले जाऊ नये म्हणून वनस्पती विषारी, कडू, चिकट द्रव्ये तयार करतात. त्या विषाला पचवण्याची युक्ती एखाद्या कीटककुळाला साधली की तेवढे झाड त्याला खुले होते, पण बाकीची बंदच राहतात. पॉल अर्लिक आणि पीटर रेव्हन या शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये फुलपाखरांच्या कुळांची त्यांच्या खाद्यवनस्पतींशी सांगड घालून हा विचार नीट मांडला. कीटक आणि वनस्पतींच्या परस्परसंबंधांच्या आजच्या अभ्यासाचा मोठा भाग त्या पायावर उभा आहे. गाजरगवतावर सोडलेला मेक्सिकन भुंगा याच एकनिष्ठेमुळे उपयोगी पडतो. 1984 मध्ये तो भारतात आणला गेला तो पिकांना सोडून गाजरगवत खातो म्हणूनच.

रुईवरची प्लेन टायगरची अळी हे सारे उघड्यावर दाखवते. रुईचे पान तोडले की पांढरा चीक भळभळतो. हा चीक हवेत घट्ट होतो आणि लहान अळीचे तोंड चिकटवून टाकू शकतो. म्हणून अळी थेट खायला सुरुवात करत नाही. लहान असताना ती पानावर गोल चर खणते आणि त्या वर्तुळातले, चीक तुटलेले पान खाते. मोठी झाली की पानाची मधली शीर किंवा देठच अर्धवट कुरतडते. चीक तिथून गळून जातो, पान मान टाकते, आणि मग कापाच्या पुढचा भाग ती निवांत फस्त करते. रुईवर देठापाशी मोडल्यासारखी लोंबणारी पाने दिसली तर रोग समजून छाटू नयेत, पान उलटून पाहावे. रुईतले हृदयावर परिणाम करणारे विष अळीच्या शरीरात साठू शकते आणि पुढे फुलपाखरातही उतरते. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही.

याच फुलपाखराच्या नराला आणखी एका गोष्टीची गरज असते. मादीला आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठी लागणारे अल्कलॉइड तो खुळखुळा आणि भुरुंडी अशा वनस्पतींच्या वाळलेल्या किंवा खरचटलेल्या भागांतून मिळवतो. वाळक्या फांदीवर टायगर आणि क्रो फुलपाखरांचा घोळका सोंड खुपसून बसलेला दिसतो तो त्यासाठी. म्हणजे एकाच फुलपाखराला पानासाठी एक वनस्पती, मकरंदासाठी दुसरी आणि गंधासाठी वाळलेली तिसरी लागते. बाग 'स्वच्छ' करताना वाळका खुळखुळा उपटून टाकला जातो, तेव्हा यातला तिसरा दुवा तुटतो.

आता प्रत्यक्ष लागवडीकडे येते. साधारण दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद जागा धरू. निम्म्याहून अधिक जागा खाद्यवनस्पतींना द्यावी, असे माझे ठाम मत आहे. वारा येतो त्या बाजूला एक बहावा आणि एक सीताफळ किंवा खोटा अशोक. त्यांच्या पुढे लिंबूवर्गीय दोन-तीन झुडपे आणि कढीपत्त्याची पाच-सहा रोपे. ही रोपे सुटी सुटी न लावता गटाने लावावीत, कारण एका रोपाची पाने संपली की अळीला शेजारच्या रोपावर जाता आले पाहिजे. कुंडीतल्या एकट्या, हातभर उंचीच्या कढीपत्त्यावर पाच-सहा अंडी पडली तर रोप बोडके होते आणि अळ्या उपाशी मरतात. अळी आयुष्यभरात जेवढी पाने खाते त्यातला फार मोठा वाटा शेवटच्या टप्प्यातल्या चार-पाच दिवसांतच खाते, त्यामुळे आधी 'पुरेसे पान आहे' असे वाटते आणि अचानक काहीच उरत नाही. उन्हाच्या कडेला रुईची दोन झुडपे, कुंपणाला सापसंदाचा वेल, आणि मोकळ्या पट्ट्यात टाकळा व खुळखुळा आपोआप येऊ द्यावा. मकरंदासाठी दिंडा, भारंगी, एकेरी पाकळ्यांची एक्झोरा पुरेशी आहेत. भरगच्च दुहेरी पाकळ्यांच्या जाती टाळाव्यात, कारण त्यांत पुंकेसरांचेच पाकळ्यांत रूपांतर झालेले असते आणि मकरंदापर्यंत सोंड पोहोचतही नाही. दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवेच. एका कोपऱ्यात ओलसर माती ठेवली तर नर फुलपाखरे तिथे क्षार शोषायला बसतात.

शाळांसाठी एक इशारा मात्र आवश्यक आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि सापसंदातले द्रव्य मूत्रपिंडाला घातक आहे. लहान मुलांच्या आवारात कढीपत्ता, लिंबू, बहावा, टाकळा एवढ्यावरच थांबावे. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी कढीपत्त्यावरची अळी, तिचे पुढे हिरवे होणे, आणि डिवचल्यावर डोक्यामागून बाहेर येणारा दुभागलेला उग्र वासाचा अवयव, एवढे पाहायला मिळाले तरी मुलांना खूप झाले. केसाळ सुरवंटांना हात लावू नये, हेही त्यांना सांगावे. काहींच्या केसांनी पुरळ उठते.

उबदार हवेत लाइम बटरफ्लायचे अंडे तीन-चार दिवसांत फुटते, अळी सुमारे दोन आठवडे खाते आणि कोषातून साधारण दहा दिवसांनी फुलपाखरू बाहेर पडते. म्हणजे सगळे नीट चालले तर महिन्याच्या आसपास एक पिढी. या महिन्यात काय बिघडते ते पाहिले पाहिजे, कारण बागा तिथेच फसतात.

सर्वात मोठा धोका रोपवाटिकेतून येतो. रोप देखणे दिसावे म्हणून त्याला आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेले असू शकते. इमिडाक्लोप्रिडसारखे औषध मुळांतून शोषले जाते, पानांत, परागांत, मकरंदात पोहोचते आणि पाण्याने धुतले जात नाही. अशा रोपावर मादी अंडी घालते, अळी पहिला घास घेते, हिरवा द्रव ओकते, आखडते आणि गळून पडते. मधमाश्यांना असलेला धोका ध्यानात घेऊन युरोपीय संघाने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायमेथोक्झॅम यांचा उघड्यावरचा वापर बंद केला. खाद्यवनस्पती शक्यतो बियांपासून किंवा खात्रीच्या झाडाच्या फांदीपासून वाढवाव्यात. विकत घेतल्याच तर औषध दिले आहे का हे विचारावे, आणि रोप काही महिने वेगळे ठेवून भरपूर नवी फूट आल्यावरच बागेत आणावे. 'सेंद्रिय' फवारणीही इथे निर्धोक नाही. कडुनिंबाच्या अर्काने अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडते. बीटी जिवाणूंची भुकटी किडीची अळी आणि फुलपाखराची अळी असा भेद करत नाही.

दुसरी चूक झाड निवडताना होते आणि ती अधिक क्लेशदायक आहे. पूर्व ऑस्ट्रेलियातल्या रिचमंड बर्डविंग या देखण्या फुलपाखराची अळी तिथल्या रानातल्या एका ठरावीक वेलावर वाढते. त्याच कुळातला, मोठ्या शोभिवंत फुलांचा दक्षिण अमेरिकी वेल बागांमधून रानात पसरला. त्याचा रासायनिक गंध इतका जुळणारा की मादी फसते आणि त्यावर अंडी घालते. पान खाल्लेल्या अळ्या मरतात. 1990 च्या दशकात तिथल्या शाळकरी मुलांसह अनेकांनी मूळ वेलाची लागवड केली आणि परका वेल काढण्याची मोहीम चालवली. आपल्याकडे सापसंदावर कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ ही फुलपाखरे वाढतात. त्यांच्यासाठी वेल लावताना देशी सापसंदच आणावा. फूल मोठे म्हणून शोभेचा नातलग आणू नये.

घाणेरीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. तिच्या फुलांवर फुलपाखरे गर्दी करतात म्हणून ती मुद्दाम राखली जाते. पण ही परकी झुडपे दाट जाळी करून खालची देशी रोपटी दडपतात. मकरंदाचा एक प्याला देऊन त्या बदल्यात दहा प्रकारच्या अळ्यांचे ताट काढून घेण्यासारखे हे आहे. घाणेरी काढावी, मात्र तिच्या जागी दिंड्यासारखे मकरंद देणारे झुडूप आधी तयार असावे.

बांडगुळाची बाजू फारशी कुणी घेत नाही. ते झाडाचा रस शोषते हे खरे, फळझाडांवरून ते काढावे हेही खरे. पण कॉमन जेझबेल या फुलपाखराची अळी वाढते ती याच बांडगुळावर. मादी पानाच्या खालच्या बाजूला अंड्यांच्या रांगा घालते आणि अळ्या समूहाने खातात. फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी बांडगुळाची फळे खाऊन बी पसरवतो. मोठ्या, धडधाकट रानझाडांवरचे एखाद-दोन झुपके राहू दिले तर झाड मरत नाही.

वड, पिंपळ, उंबर यांचे नाते याहून घट्ट आहे. त्यांचे 'फळ' म्हणजे आत वळलेला फुलोरा. परागीभवन करणारी गांधीलमाशीच्या कुळातली, एक-दोन मिलिमीटरची मादी टोकाच्या चिंचोळ्या छिद्रातून आत घुसते, तेव्हा तिचे पंख आणि बहुधा स्पृशांचे तुकडेही मोडून पडतात. आत ती काही फुलांत अंडी घालते, काहींवर पराग टाकते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी असतात. ते माद्यांशी मीलन करतात आणि बाहेर पडण्याचा बोगदा कोरतात. पराग घेऊन निघालेल्या मादीला जेमतेम एक-दोन दिवसांचे आयुष्य असते. तेवढ्यात तिला त्याच जातीचे, फुलोरा नेमका तयार असलेले दुसरे झाड गाठावे लागते. वाऱ्यावर या माद्या कित्येक किलोमीटर जातात, पण पुढे झाडच नसेल तर प्रवास फुकट. म्हणून परिसरात एकच जुना वड 'वारसा' म्हणून राखणे पुरेसे नाही. त्याच जातीची, वेगवेगळ्या वेळी फळणारी अनेक झाडे लागतात. अशा झाडांजवळ कीटकनाशकाची धूरफवारणी करताना हा नाजूक जीव कुणाच्या हिशेबातच नसतो.

योग्य वनस्पती लावली तरी देखभाल चुकली तर काय होते, याचे सर्वात बोलके उदाहरण ब्रिटनमधल्या लार्ज ब्लू फुलपाखराचे. त्याची अळी सुरुवातीचे काही आठवडे थाइम या सुगंधी, बुटक्या झुडपाची फुले खाते, मग जमिनीवर उतरते. एका विशिष्ट जातीची लाल मुंगी तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेते आणि तिथे ती मुंग्यांच्या अळ्या खात सुमारे दहा महिने काढते. फुलपाखरू वाचावे म्हणून जागा कुंपण घालून राखल्या गेल्या, थाइमही होते, तरी संख्या घटतच गेली. कीटकशास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांच्या अभ्यासातून कारण उलगडले. चराई थांबली होती, आणि 1950 च्या दशकात रोगाने ससेही मेले होते. गवत वाढले, सावलीने जमीन थोडी थंड झाली आणि ऊब लागणारी ती मुंगी नाहीशी झाली. उलगडा झाला तोवर उशीर झाला होता; 1979 मध्ये हे फुलपाखरू ब्रिटनमधून नष्ट झाले. पुढे स्वीडनमधून आणून 1983 पासून ते पुन्हा वसवण्यात आले, तेही गवत आखूड ठेवण्याची व्यवस्था केल्यानंतर. गवताच्या काही सेंटिमीटर उंचीवर एक जात तगली.

आपल्या बागांत बहुधा उलटे घडते, गवत राहूच दिले जात नाही. बुशब्राउन, इव्हनिंग ब्राउन आणि कितीतरी स्किपर यांच्या अळ्या गवतावरच वाढतात. सगळी हिरवळ एकाच दिवशी जमिनीलगत कापली की अंडी, अळ्या, कोष सगळे एकदम जाते. कडेचा मीटरभर रुंद पट्टा राखून ठेवावा आणि तोही एका वेळी एकतृतीयांशच कापावा. छाटणीचेही तसेच. कोष करायची वेळ आली की बऱ्याच अळ्या खाद्यवनस्पती सोडून दूर जातात आणि शेजारच्या झुडपाला, भिंतीला, कुंपणाच्या तारेला चिकटतात. लाइम बटरफ्लायचा कोष आजूबाजूच्या रंगानुसार हिरवा किंवा तपकिरी होतो, त्यामुळे झाडूला तो दिसत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत छाटणी टाळलेली बरी. पालापाचोळा झाडाच्या बुंध्याशीच राहू द्यावा. बागेतले प्रखर दिवे रात्री बंद ठेवावेत. पतंगांची संख्या फुलपाखरांपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि रात्रीचे बरेचसे परागीभवन ते करतात.

कुरतडलेली पाने दिसली की तक्रारी येतात, हे उद्यान विभागात काम करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. अशा वेळी फवारणीचा पंप बाहेर काढण्याआधी पान पाहावे. गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासने आखल्यासारखे स्वच्छ गोल काप असतील तर ती पानकाप्या माशीची करणी. ती पान खात नाही, घरट्याला अस्तर लावायला नेते आणि शेजारच्या फुलांचे परागीभवन करते. अळीच्या पाठीवर किंवा शेजारी तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोष दिसले तर ती परजीवी गांधीलमाशीची पिल्ले. ती अळी मरणार, पण त्या माश्याही बागेच्याच आहेत. त्यांच्यामुळेच अळ्यांची संख्या हाताबाहेर जात नाही. बहुतेक अळ्या फुलपाखरू होतच नाहीत, आणि त्या कुणाच्या ना कुणाच्या पोटी जातात. उत्तर अमेरिकेतल्या चिकडी या चिमणीएवढ्या पक्ष्याची एक जोडी एका वेळची पिल्ले वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या आणते. पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी ठेवणारे आपण अळ्या मारत असू तर त्या पक्ष्यांची पिल्ले कशावर वाढणार? निरोगी, मुरलेले झाड पानांचा बराच भाग गमावूनही पुन्हा फुटते. नुकतेच लावलेले रोप मात्र जपावे. पहिल्या वर्षी त्यावरच्या अळ्या उचलून मोठ्या झाडावर ठेवल्या तर चालते, पण झाड त्याच जातीचे हवे.

माझी मागणी बागेच्या कंत्राटाबाबत आहे. फुलपाखरू उद्यानाच्या निविदेत फुलझाडांच्या यादीइतकीच खाद्यवनस्पतींची यादी जातीच्या शास्त्रीय नावासह असावी. रोपे आंतरप्रवाही औषध न दिलेली आहेत, असे पुरवठादाराने लेखी द्यावे. देखभालीच्या अटींत फवारणीला बंदी आणि गवतकापणीचे टप्पे लिहिलेले असावेत. आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला उद्घाटनाच्या दिवशी उडणारी फुलपाखरे पाहून न देता वर्षभराच्या नोंदींवर द्यावा. पंधरवड्यातून एकदा, सकाळच्या वेळी, ठरलेल्या दहा झाडांची प्रत्येकी वीस पाने खालून-वरून तपासायची आणि अंडी, अळ्या, कोष यांची संख्या लिहायची, एवढेच काम आहे. शाळेतली मुले ते उत्तम करतात. नोंदवहीत अळ्यांचा रकाना सलग कोरा राहिला तर अंतिम देयक देण्याआधी झाडांची निवड आणि फवारणीचा इतिहास तपासला जावा.

आपली,
एक कीटक-अभ्यासक वाचक